६४०×४८० सांगून ३२०×२४० गळ्यात मारलं: ९६ डॉलर कसे गेले

आधी रक्कम सांगते. हँडहेल्डचे (हातात धरून जुने व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्राचे) ८४ डॉलर, पाठवणीचे १२, एकूण ९६ डॉलर. परत आले शून्य. विक्रेत्याने मध्ये ८ डॉलर देऊ केले, मग १५. ते मी घेतले नाहीत आणि त्यामागे कारण आहे, ते पुढे येईल.

जाहिरातीत लिहिलं होतं: साडेतीन इंची ६४०×४८० पिक्सेलची आयपीएस स्क्रीन, आरके३५६६ चिप, १२८ जीबीचं मेमरी कार्ड, गेम बॉयपासून पीएसपीपर्यंत सगळ्या जुन्या गेमयंत्रांचे गेम पूर्ण वेगात. हातात आलं ते असं: स्क्रीन ३२०×२४०, चिप म्हणजे चार कॉर्टेक्स-ए७ कोर (जुन्या, दुबळ्या जातीचे), आणि कार्डात खरी जागा जेमतेम ८ जीबी. साडेतीन इंच तेवढं खरं निघालं.

अशा जाहिराती कशा चालतात हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको. जुन्या, भलत्याच वस्तूच्या पानावर नवा माल टाकायचा, म्हणजे आधीचे तारे आणि कौतुक आयतं मिळतं. मी ती कौतुकं वाचली होती. "लवकर पोहोचलं", "पॅकिंग छान". त्यातलं निम्मं चार्जिंगच्या केबलबद्दल होतं हे नंतर खाली खाली जाऊन वाचल्यावर कळलं. विकत घेताना कोण एवढं खाली जातं?

मी या विषयात नवखी नाही. माझ्याकडे माझी स्वतःची गेमची कार्ट्रिज आहेत, त्यांचे डंप, म्हणजे फाइलमधल्या प्रती, मी स्वतः काढलेले आहेत, आणि मला हवी होती ती फक्त चांगली स्क्रीन. हिशोब करूनच ६४०×४८० निवडलं होतं. गेम बॉयचं चित्र १६०×१४४. ते ६४०×४८० वर बरोबर तिप्पट बसतं, ४८०×४३२, वर-खाली २४-२४ ओळी काळ्या राहतात आणि प्रत्येक पिक्सेल सारखा चौकोनी दिसतो. गेम बॉय अॅडव्हान्सचं २४०×१६०. त्याला दुपटीत ४८०×३२० मिळतं, चारही बाजूंना ८० पिक्सेलची काळी चौकट उरते. चौकट नको असेल तर २.६७ पट करून रुंदी भरायची आणि कडा किंचित मऊ करणारा शेडर (चित्रावरचा फिल्टर) लावायचा. एवढ्या बारीक पिक्सेलवर ते खपून जातं.

३२०×२४० वर खपत नाही. तिथे गेम बॉय पूर्णांकात एकपटच बसतो, म्हणजे स्क्रीनच्या मधोमध तिकिटाएवढं चित्र. अॅडव्हान्स १.३३ पट होतो, म्हणजे दर तीन पिक्सेलमधला एक दुप्पट जाड. एकाच शब्दातल्या एका अक्षराची उभी रेघ बारीक, शेजारच्याची जाड. पडदा आडवा सरकायला लागला की जाडी एका रेघेवरून दुसरीवर उड्या मारते आणि सगळं लुकलुकतं. मऊ करायला जावं तर अक्षरं पुसट होतात. मी संवादांनी भरलेले गेम खेळते. पानंच्या पानं वाचायची असतात. म्हणून तर दुप्पट स्क्रीनचे पैसे मोजले होते.

आता तो फोटो. याचा विचार डोक्यातून जात नाही. जाहिरातीतल्या तिसऱ्या फोटोत गेम बॉय अॅडव्हान्सचा एक गेम चालू होता आणि चित्र स्क्रीनच्या चारही कडांना टेकलेलं होतं. कुठेही काळी पट्टी नाही. आणि त्या चित्रात मधोमध एक वर्तुळ होतं, अगदी गोल. हे शक्यच नाही! अॅडव्हान्सचं चित्र ३:२, स्क्रीन ४:३. रुंदी भरली तर उंची ४२७ ओळींवर थांबते, ५३ ओळी काळ्या राहायलाच हव्यात. त्या भरायच्या तर चित्र उभं साडेबारा टक्के ताणावं लागतं आणि वर्तुळ अंडाकृती होतं. नाहीतर दोन्ही बाजू कापाव्या लागतात, पण बाजूचे आकडे आणि आयुष्याची पट्टी पूर्ण दिसत होती. म्हणजे ते चित्र त्या स्क्रीनवर कधी उमटलंच नव्हतं, संगणकावर चिकटवलेलं होतं. वर काचेवरच्या उजेडाची तिरीपसुद्धा रंगवलेली होती. मी तो फोटो मोठा करून पाहिला होता. वर्तुळावर बोट ठेवलं होतं. रंग किती छान आलेत एवढंच मनात आलं.

पण फोटो खोटा लावणाऱ्याचा दोष फोटो पाहणाऱ्याच्या माथी मारू नका. सरळ मनाने वस्तू घेणारा माणूस प्रत्येक चित्राचं गुणोत्तर मोजत बसत नाही. विक्रेत्याने स्वतःच्या हाताने ६४०×४८० लिहिलं होतं, ते मी खरं धरलं, आणि ते खरं धरणं हा माझा हक्क आहे. तुम्ही मात्र आता मोजा. पीएसपीचं चित्र ४८०×२७२. ४:३ च्या स्क्रीनवर ते पट्ट्यांशिवाय दिसलं की पान बंद करा. ६४०×४८० वर ११७ ओळी रिकाम्या राहिल्याच पाहिजेत.

जाहिरातीतल्या व्हिडिओचंही तेच. कोपऱ्यात ६० चा आकडा स्थिर होता. तो आकडा म्हणजे एम्युलेटरने (जुन्या यंत्राची नक्कल करून गेम चालवणाऱ्या प्रोग्रामने) सेकंदाला चालवलेल्या फ्रेम, म्हणजे चित्रं. डोळ्यांपर्यंत किती पोहोचल्या हे तो सांगत नाही. हँडहेल्ड आल्यावर सेटिंग उघडलं तर जीपीएसपी या अॅडव्हान्सच्या एम्युलेटरमध्ये फ्रेमस्किप १ वर लावून ठेवलेला. एक फ्रेम दाखवायची, एक गाळायची, म्हणजे दिसतात ३०. आवाज बरोबर चालतो म्हणून पटकन लक्षात येत नाही. ओळखायचं असेल तर सावल्या पाहा. त्या काळच्या कितीतरी गेममध्ये अर्धपारदर्शक सावली म्हणजे एका फ्रेमला काढलेली आणि पुढच्या फ्रेमला न काढलेली आकृती असते. एकाआड एक फ्रेम गाळली की ती सावली एकतर साफ गायब होते किंवा ठार काळी दिसते. मार लागल्यावर लुकलुकणारं पात्र दिसेनासं होतं. माझ्या हँडहेल्डवर पात्राखालची सावलीच नव्हती. फ्रेमस्किप बंद केला आणि आकडा ४१ ते ४६ वर आला. पीएसपीचे गेम चालले असं म्हणणंच खोटं ठरेल. पीपीएसएसपीपी या पीएसपीच्या एम्युलेटरमध्ये रेझोल्यूशन एकपट ठेवूनही वेग ३८ टक्क्यांच्या वर टिकला नाही. त्यात निव्वळ वेगाचा आकडा पाहू नका. वेग १०० टक्के दाखवूनही मधल्या फ्रेम गाळलेल्या असू शकतात. वेग आणि प्रत्यक्ष फ्रेम, दोन्ही आकडे एकत्र दिसतील असं ठेवा.

चिप कोणती हे यंत्र स्वतःच सांगतं. यंत्रातल्या लिनक्स प्रणालीवर सीपीयूची माहिती उघडली की "सीपीयू पार्ट" नावाची ओळ असते. आरके३५६६ मध्ये कॉर्टेक्स-ए५५ कोर असतात, तिथे ०एक्सडी०५ यायला हवं. माझ्याकडे आलं ०एक्ससी०७, म्हणजे कॉर्टेक्स-ए७. ही २०११ साली जाहीर झालेली, फक्त ३२-बिट रचना. पण सेटिंगमधल्या माहितीच्या पानावर आरके३५६६ असंच झळकत होतं. ते पान म्हणजे कुणीही टाइप केलेला मजकूर आहे, त्यावर विश्वास ठेवू नका.

स्क्रीनचं लबाडीचं काम याहून पुढचं. प्रणालीला विचारलं तर तीही ६४०×४८० सांगते. आत चित्र तेवढंच तयार होतं आणि शेवटच्या टप्प्यावर अर्ध्या स्क्रीनमध्ये कोंबलं जातं. म्हणजे दोनदा स्केलिंग: २४०×१६० चं आधी फुगवायचं, मग निम्मं करायचं. चिप आधीच दुबळी, त्यात हे ओझं प्रत्येक फ्रेमला. मी एक चित्र बनवलं, ६४०×४८०, एक उभा स्तंभ काळा, पुढचा पांढरा, असं ओळीने. खऱ्या स्क्रीनवर भिंगातून बारीक रेघा दिसतात. इथे अख्खी स्क्रीन सपाट काळी झाली, कारण पांढरा प्रत्येक स्तंभ टाकून दिला गेला. पाच मिनिटांची चाचणी आहे. वस्तू हातात येताच करा, तक्रारीची मुदत संपायची वाट पाहू नका. कार्डही त्याच दिवशी एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. नुसतं १२८ जीबी दिसतंय यावर जाऊ नका.

विक्रेत्याला हे सगळं कळवलं. त्याचं उत्तर वाचून माझा तोल गेला. म्हणे, "गेम बॉय अॅडव्हान्स ५९.७३ हर्ट्झवर चालतो, आमची स्क्रीन ६० हर्ट्झची आहे, त्यामुळे सगळ्याच एम्युलेटरमध्ये झटका जाणवतो." पहिला भाग खरा आहे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं). ५९.७३ आणि ६० मधल्या फरकाने साधारण पावणेचार सेकंदांतून एकदा एक फ्रेम दोनदा दिसते. रेट्रोआर्क हा एम्युलेटर चालवणारा प्रोग्राम आवाजाचा वेग किंचित हलवून तेवढं सांभाळून घेतं. त्या फरकाने ६० चे ४१ होत नाहीत. अर्धं खरं सांगून पूर्ण खोटं गळी उतरवायचा हा प्रकार, आणि समोरच्याला हिशोब येत नसेल या भरवशावर. मग आला ८ डॉलरचा देकार, "तक्रार मागे घ्या" या अटीसकट. मग १५. हे घेऊ नका! अंशतः परतावा स्वीकारला की तक्रार मिटली असं बहुधा धरलं जातं आणि पुढचे दरवाजे बंद होऊ शकतात. बोलणंही जाहिरातीच्या साइटवरच्या चॅटमध्येच करा. त्याने मला बाहेर दुसऱ्या अॅपवर बोलवलं होतं, मी गेले नाही.

आणि आता ज्यांच्याकडे न्याय मागायचा त्यांच्याबद्दल. साइटच्या तक्रारीच्या फॉर्मवर पर्याय चारच: वस्तू आली नाही, फुटली, चालू होत नाही, भाग कमी आहे. विकलं ते एक आणि पाठवलं ते दुसरं, याला पर्यायच नाही. "चालू होत नाही" निवडावं तर खोटं बोलल्यासारखं. मी "भाग कमी" निवडून सगळं लिहिलं, स्तंभांच्या चित्राचा व्हिडिओ जोडला. उत्तर आलं: "व्हिडिओत स्क्रीन काळी आहे, परंतु त्याआधी वस्तू चालू झालेली दिसते. वस्तू कार्यरत आहे." अहो, ती काळी झाली हाच तर पुरावा! दुसऱ्या माणसाला पहिल्यापासून समजावलं. त्याने विचारलं, गेम सुरू होतो का. होतो म्हटल्यावर विषय बंद. निकाल काय, तर परत पाठवू शकता, खर्च तुमचा. तो खर्च ४१ डॉलर, ८४ च्या वस्तूला, आणि पोहोचल्यावर विक्रेता "तपासून" ठरवणार. ज्याने फसवलं त्याच्याच हातात तपासणी.

बँकेत कार्डावरचा व्यवहार परत फिरवण्याचा अर्ज केला. व्हिसाच्या नियमांत यासाठी वेगळं कलम आहे, १३.३, वर्णनाप्रमाणे नसलेला किंवा सदोष माल. वस्तू मिळाल्यापासून सर्वसाधारणपणे १२० दिवसांची मुदत. पण फोनवरच्या व्यक्तीला कलम माहीत नव्हतं. तिने अर्ज "वस्तू मिळाली नाही" या खात्यात टाकला. मी लेखी हरकत घेतली, ती कुणी वाचली नाही. ९६ डॉलर तात्पुरते जमा झाले, विक्रेत्याने पार्सल पोहोचल्याचा पुरावा पाठवला, आणि ९६ डॉलर पुन्हा कापून घेतले. मी कधी म्हटलं होतं पार्सल आलं नाही? वस्तू माझ्या टेबलावर आहे, हे मीच पहिल्या ओळीत लिहिलं होतं. वर सल्ला, एखाद्या तज्ज्ञाचं पत्र आणा. स्क्रीनचे पिक्सेल मोजायला तज्ज्ञ! तुम्ही अर्ज कराल तेव्हा कारण कोणत्या शब्दांत नोंदवलं गेलं ते त्यांच्याकडून वाचून घ्या, आणि विक्रेत्याला "मी वस्तू परत द्यायला तयार आहे" असं आधीच लेखी कळवलेलं असू द्या. या कलमाखाली ते मागतात.

ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या खात्याने तर वेगळाच रस्ता काढला. कार्डावर हजारो गेम भरून आलेत, ते बेकायदेशीर प्रती आहेत, मग अशा वस्तूची तक्रार कशी करता? ते गेम मी मागितले नव्हते, त्यातला एकही मी सुरू केला नाही, आणि माझी तक्रार स्क्रीन, चिप आणि कार्डाच्या आकड्यांबद्दल आहे. हे बोलले तर समोरून "रक्कमही लहान आहे". ९६ डॉलर कुणासाठी लहान? आणि हाच माल अशाच वर्णनाने आणखी किती जणांना गेला, हे शोधायचं काम कुणाचं? तीच जाहिरात आता वेगळ्या दुकानाच्या नावाने ७९ डॉलरला चालू आहे. मी पान कळवलं, पोच आली, पान तसंच आहे.

बँकेकडे दुसरं अपील केलं आहे. या वेळी जाहिरातीची जतन केलेली प्रत, सीपीयू पार्टची ओळ, एफ३ चा निकाल आणि स्तंभांच्या चित्राचा शेजारच्या खऱ्या ६४०×४८० स्क्रीनसह व्हिडिओ, असं एकत्र जोडलं. जाहिरात पहिल्याच दिवशी जतन करा, कारण तक्रार होताच माझ्या विक्रेत्याने वर्णन बदललं होतं. आणि हँडहेल्डचे मागचे स्क्रू खोलू नका. आत पॅनेलवर छापलेला क्रमांक पाहायचा मोह मलाही झाला होता, पण एकदा खोललं की "ग्राहकाने भाग बदलले" म्हणायला त्याला मोकळीक मिळते.