आधी पैसा की नंतर? लस संशोधनाचे दोन हिशेब

गरीब देशांतल्या आजारांवरच्या संशोधनाला पैसा देण्याचे दोन रस्ते. एक, आधीच अनुदान द्यायचं. दुसरा, ‘तुम्ही लस आणा, ठरल्या भावाने आम्ही घेतो’ अशी खरेदीची हमी द्यायची.

हमीचं गाजलेलं उदाहरण न्यूमोकोकल लसीचं, म्हणजे न्यूमोनियासारखे आजार घडवणाऱ्या जिवाणूवरच्या लसीचं. 2009 मध्ये इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून 1.5 अब्ज डॉलर कबूल केले. लस आलीच नाही, तर देणाऱ्याची दमडीही जात नाही. पण खरं सांगायचं तर तिथलं विज्ञान बरंचसं आधीच झालेलं होतं. हमीने वाढला तो पुरवठा. मोठा वाटा गेला फायझर आणि जीएसके या बड्या औषध कंपन्यांकडे. प्रयोगशाळेचा खर्च आधी स्वतः सोसण्याची ऐपत नसलेल्याने या शर्यतीत उतरायचं कसं?

मला अनुदानाची गोष्ट जास्त पटते. आफ्रिकेतल्या मेनिंजायटिसवरच्या (मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) लसीसाठी 2001 मध्ये पाथ ही ना-नफा आरोग्य संस्था आणि जागतिक आरोग्य संघटनेने गेट्स फाउंडेशनच्या 7 कोटी डॉलरवर प्रकल्प उभारला. अट साधी: डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसला पाहिजे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तो बसवला आणि डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. पुढे ही लस 40 अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस शीतपेटीबाहेर ठेवायलाही मान्यता मिळाली. वीज नसलेल्या गावात लस नेणाऱ्यालाच याची किंमत कळते.

अर्थात अनुदानात घोडा आधीच निवडावा लागतो. तो लंगडा निघाला, तर पैसे परत येत नाहीत.