कोकणात समुद्राकाठचा रस्ता की महामार्ग? आधी टाकीचा हिशोब मांडा

नागपूरहून गाडीने कोकणात जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा रस्त्यावरून होते. रेवसपासून रेडीपर्यंत किनारा धरून जाणारा सागरी महामार्ग घ्यायचा, की पनवेलहून मुंबई–गोवा महामार्ग पकडून हवं तिथे खाली उतरायचं? निसर्ग, मुक्काम, मासे या अंगाने सगळेच बोलतात. पेट्रोल-डिझेलच्या अंगाने कोणी बोलत नाही. सहलीचा विचका मात्र बरेचदा तिथूनच सुरू होतो.

आपल्या सवयी विदर्भातल्या रस्त्यांनी लावलेल्या आहेत. वर्धा रोडवर रिझर्व्हचा लाइट लागला तर ‘बुटीबोरीला भरू’ म्हणून आपण निवांत असतो, आणि ते चुकतही नाही. सपाट रस्ता, एकसारखा वेग, अधूनमधून पंप. कोकणात यातलं एकेक कमी होत जातं.

मुंबईकडे जाणाऱ्या समृद्धी महामार्गावरच याची चुणूक मिळते. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. मधेच डावीकडे वळून गावातल्या पंपावर जाण्याची सोय त्यावर नाही. पंप ठरावीक ठिकाणीच लागतात. कारला ताशी १२० ची मुभा आहे म्हणून तो वेग धरून ठेवला की अॅव्हरेज घसरतं. १०० वरून १२० वर गेल्यावर हवेचा विरोधच सुमारे ४४ टक्क्यांनी वाढतो. निघताना टाकी फुल असू द्या आणि पनवेलजवळ पुन्हा फुल करा, मग पुढे कोणताही रस्ता घ्या.

आता महामार्ग, म्हणजे आजचा एनएच ६६. पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ अशी मोठी गावं एकामागून एक येतात आणि पंपांची चिंता जवळजवळ राहत नाही. गाडी अडलीच तर मदत पोचायला सोपं, मेकॅनिक जवळ. समुद्र मात्र इथून दिसत नाही. त्यासाठी खाली उतरावं लागतं: माणगावहून श्रीवर्धन, खेडहून दापोली, चिपळूणहून गुहागर, कसालहून मालवण.

या उतरण्यातच एक फसवी गोष्ट आहे. खेडपासून दापोलीकडचा चढ संपून गाडी समुद्राकडे उतरू लागली की ‘अजून इतके किलोमीटर जाईल’ दाखवणारा आकडा कमी होण्याऐवजी वाढू लागतो. मीटर मागच्या काही किलोमीटरच्या खपावरून पुढचा अंदाज बांधतं, आणि उतारावर खप जवळपास नसतोच. तोच आकडा परतीच्या चढावर भराभर खाली येतो. काही गाड्यांमध्ये तर तीव्र चढ-उतारावर काटाही थोडा हलतो, कारण टाकीतलं पेट्रोल एका बाजूला सरकलेलं असतं. किनाऱ्यावर उभं राहून तो आकडा पाहून परतीचं गणित मांडू नका; तिथल्या तालुक्याच्या गावी भरूनच वर चढा.

सागरी महामार्गाचं गणित निराळं. इथे अंतर किलोमीटरवर ठरत नाही, खाड्यांवर ठरतं. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवून पलीकडे जायचं. तिकडे सगळे तिला जेट्टी म्हणतात. दाभोळचंच बघा. समोर धोपाव्याचा किनारा दिसतो. जेट्टी चालू असेल तर गाडी चढवली, इंजिन बंद केलं, की काही मिनिटांत तुम्ही गुहागर तालुक्यात. वाऱ्या-पावसामुळे फेरी बंद असेल किंवा दिवसाची शेवटची फेरी निघून गेली असेल, तर त्याच ठिकाणी पोचायला मागे दापोली, मग खेड, चिपळूण आणि मग गुहागर. शंभर किलोमीटरच्या वर, तेही वळणांचं. छोट्या कारमध्ये लाइट लागल्यावर काही लिटरच उरतं. सपाटीवर ते पुष्कळ झालं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढत राहिलेल्या, भरलेल्या गाडीला ते किती पुरेल याचा भरवसा नाही.

पंप आहेतच. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला या गावांत मिळतात. या गावांच्या मधे मात्र काही धरून चालू नका, आणि रात्री उशिरा उघडा असेल असंही नाही. मासेमारी बंदरावर डिझेल पंप दिसला तरी तो बहुधा मच्छीमार सोसायटीचा, बोटींसाठीचा असतो; कारवाल्याने तिथे आशा ठेवू नये. टपरीवर बाटलीतलं पेट्रोल मिळालंच तर त्यात काय मिसळलंय कोण सांगणार?

गाडी कोणती, यावरही बरंच ठरतं. पेट्रोलवाल्याला सागरी रस्ता बेलाशक घेता येईल, फक्त काटा अर्ध्यावर आला की भरायचं. डिझेलवाल्याचा पल्ला मोठा, पण टाकी पूर्ण कोरडी पडू देणं त्याला जास्त महागात पडतं: इंधनाच्या लाइनमध्ये हवा शिरते, आणि नुसतं डिझेल ओतून गाडी सुरू होईलच असं नाही. सीएनजीवाल्यांनी किनाऱ्यावर पेट्रोल हेच मुख्य इंधन धरावं. घरी वर्षभर पेट्रोलची टाकी जेमतेम ठेवायची सवय तिकडे चालणार नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर माझं स्पष्ट मत, महामार्ग घ्या आणि मुक्कामाच्या ठिकाणी चार्जिंग आहे का ते फोन करून विचारा.

लाइट लागलाच तर एसी बंद करा, वेग एकसारखा ठेवा, आणि उतारावर न्यूट्रल करू नका. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधन तोडलंच जातं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाटात ब्रेक तापणं ही पेट्रोल संपण्यापेक्षा फार मोठी आपत्ती आहे.

मग घ्यायचं काय? पावसाळ्यात, लहान मुलं नि म्हातारी माणसं सोबत असताना, किंवा दोन-तीनच दिवस हाताशी असतील तर महामार्ग. ऑक्टोबर ते मे दरम्यान सवड असेल आणि दिवसाउजेडीच गाडी चालवायची असेल तर सागरी रस्ता. त्याची सर महामार्गाला येत नाही, हे मनापासून सांगतो. दोन्ही हवं असेल तर चिपळूणपर्यंत महामार्ग धरा, तिथे टाकी फुल करून गुहागरला उतरा, तवसाळहून जेट्टीने जयगड, मग गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या कड्यावरून रत्नागिरी. या पट्ट्यात तवसाळ–जयगड ही एकच फेरी लागते. ती बंद असली तरी गुहागरला भरून चिपळूणला परतता येतं आणि हातखंब्यावरून रत्नागिरी गाठता येते. रत्नागिरीहून नागपूरला येताना आंबा घाट, कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ असा रस्ता आहे. तेव्हा आंबा घाट चढण्याआधी रत्नागिरीतच टाकी भरून घ्या.