कॉम्प्रेशन गेज आणि लीक-डाउन टेस्टर: सात-आठ महिन्यांनंतर, आणि त्या एका पिनेची कटकट

गेज (सिलेंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजतो) चांगला आहे, टेस्टर (हवा कुठून गळते ते दाखवतो) त्याहून चांगला आहे, पण नळीच्या टोकातल्या पिनेनं माझं डोकं खाल्लंय. त्यामुळं हा अनुभव निम्मा पिनेचाच होणार, आधीच सांगतो.

दोन्ही वस्तू कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका दुकानातून घेतल्या, मिळून साडेतीन हजारांच्या आत. सुरुवातीला मित्रांच्या गाड्यांवर हौस भागवली. खरं काम निघालं ते भाच्याची गाडी किणी टोलनाक्याच्या अलीकडं बंद पडली तेव्हा. फोनवर म्हणाला, "मामा, स्टार्टर मारला की नुसतं भुर्रकन फिरतंय, चालू काय हुईना." हे ऐकलं की पोटात गोळा येतो. इंजिन एवढं हलकं फिरतंय म्हणजे आत हवा दाबलीच जात नाही. टोचन करून आणली. कव्हर उघडलं तर वॉटर पंपाचं बेअरिंग जाम आणि टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा; क्रँक म्हणजे पिस्टननं फिरणारा दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा) तुटलेला. चार सिलेंडर, सोळा व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन, आणि तेही बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो त्या जातीचं.

मिस्त्रीनं गाडीकडं बघून लगेच निकाल दिला, "सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह गेलेत, गाइडपण बदलू, हेड काढायलाच पायजे." (हेड म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, गाइड म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी.) मी म्हटलं, थांबा. आधी पुलीवरच्या खुणा जुळवून बेल्ट चढवू, क्रँक पान्यानं हातानं दोन फेरे फिरवू (क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक), कुठं अडत नसेल तर गेज लावू. गेज लावताना चारही प्लग बाहेर, कॉइल आणि इंधन पंपाचा फ्यूज काढलेला, बॅटरी चार्ज आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला पाहिजे. शेवटचं बरेच जण विसरतात आणि मग आकडा कमी आला म्हणून रडत बसतात.

आकडे आले ते असे: एक आणि चार नंबरला साडेबारा बार दाब, दोन आणि तीनला काटा हललाच नाही म्हणा. चमचाभर ऑइल आत सोडून परत बघितलं, तरी तेच. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलनं आकडा वाढला असता. म्हणजे व्हॉल्व्ह.

लीक-डाउन टेस्टरचे पैसे इथं वसूल झाले. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून सहा-सात बार हवा सोडायची आणि कान लावायचा. थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. आमच्या दोन्ही सिलेंडरांत आवाज थ्रॉटलमधूनच, एक्झॉस्ट गप्प. एक सावधगिरी: पिस्टन टोकाला नीट नसेल तर हवेच्या दाबानं क्रँक गर्रकन फिरतो. बोल्टवर पाना ठेवून समोर उभं राहू नका.

मी असा खुशीत असताना शेजारच्या निवृत्त फिटरकाकांनी मजा घालवली. टॅपेट कव्हर काढलेलं होतंच, त्यांनी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातला. वाकलेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, दांडी खालीच राहते, म्हणून टॅपेटमधला (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधला) गॅप वाढतो. दोन आणि तीनच्या चारही इनटेकला गॅप फाटका, बाकी सगळे मापात. शे-दीडशे रुपयांच्या पात्यांनी माझ्या डब्याचं उत्तर दोन मिनिटांत दिलं! हायड्रॉलिक टॅपेट असते तर हे चाललं नसतं, ते गॅप स्वतःच भरून काढतात. पण ज्यांच्या इंजिनात साधे टॅपेट आहेत त्यांनी आधी फीलर गेज घ्यावा, टेस्टरचं नंतर बघू, असं आता माझं मत आहे.

हेड शेवटी काढावंच लागलं. मिस्त्री म्हणाला, "मग काय उपेग झाला?" उपयोग हा की उद्यमनगरात लेथवाल्याकडं सोळाही व्हॉल्व्ह डायल गेज (वाकडेपणा दाखवणारा काटा) लावून फिरवून बघितले, चारच वाकडे निघाले, चारच घेतले. गाइडही चांगले होते. बिल निम्म्यावर आलं.

आता पिन. नळीच्या टोकाला टायरच्या व्हॉल्व्हसारखी पिन असते, ती दाब धरून ठेवते. आमची मधल्या काळात गळायला लागली, काटा थांबेना. वॉरंटी होती. दुकानदार म्हणतो, "त्यात काय एवढं, पंक्चरवाल्याकडं जावा, धा रुपयात मिळत्या." बसवली. हेड जोडल्यावर कॉम्प्रेशन घेतलं तर चारही सिलेंडरांत सारखंच, दहाच्या आसपास! एकच सिलेंडर कमी असता तर व्हॉल्व्हवर संशय. चारही सारखे कमी म्हणजे बेल्ट दात्यानं सरकला. ४० दात्यांच्या कॅम पुलीला एक दाता म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. मिस्त्री माझ्याकडं आणि मी मिस्त्रीकडं बघतोय. परत कव्हर, परत बेल्ट, खुणा तंतोतंत. मग तोच गेज माझ्या स्वतःच्या धडधाकट गाडीला लावला. तिथंही दहा!

टायरच्या पिनेचं स्प्रिंग कडक असतं, गेजच्या पिनेचं मऊ. कडक स्प्रिंग ढकलण्यात दाब खर्च होतो आणि काटा कमी दाखवतो. दिसायला दोन्ही सारख्या, म्हणून तर घोळ. दुकानदाराला दोन्ही पिना शेजारी ठेवून नखानं दाबून दाखवल्या, तर म्हणे "आमच्याकडं सुट्टी येत नाही". अवजारं विकणाऱ्यानं हे बोलावं? शेवटी ऑनलाइन गेजच्याच पिना मागवल्या, पिनेपेक्षा टपालच महाग. बसवल्यावर चारही सिलेंडर बारा-साडेबारा.

बाकी बारीकसारीक: डब्याची खिट्टी तुटली, बारचे आकडे एवढे बारीक की चष्मा लागतो, नळी मात्र मजबूत. लीक-डाउनला कॉम्प्रेसर लागतो, तो घरी नसेल तर गॅरेजवाल्याशी गोड बोलावं लागतं. मी गेजला तीन तारे देतो, टेस्टरला साडेचार, दुकानाला एकही नाही. विकत घेताना जादा पिना डब्यात आहेत का ते उघडून बघा, नसतील तर दुसरं दुकान गाठा.