स्पेक मियाटाचा सायलेन्सर: मूळचा, तयार की वेल्डरकडचा?

रेससाठी घेतलेल्या जुन्या माझदा मियाटाचा रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पिंजरा) झाला, सीट आली, बेल्ट आले. आता जॅक स्टँडवर चढवलेल्या मियाटाखाली पाठीवर पडलं की मागच्या बंपरखाली आडवा टांगलेला, गंजून तांबूस झालेला मूळचा सायलेन्सर दिसतो आणि हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले होते. तो काढला, नवा लावला, आणि त्याच सीझनमध्ये तो नवाही काढून तिसरा लावला. कारण सुरुवातीला मी प्रश्नच भलता विचारला होता: पॉवर किती वाढेल?

आधी नियम. अमेरिकेत एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) आणि नासा (अवकाशवाली नव्हे, मोटर स्पोर्टवाली) या दोन्ही संघटना स्पेक मियाटा हा रेसचा क्लास चालवतात. माझदाच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या, म्हणजे 1990 ते 2005 मॉडेलच्या गाड्या, सगळ्यांना सारखं सस्पेन्शन, सारखे टायर. एक्झॉस्टबद्दलचा नियम थोडक्यात असा: इंजिनाला बोल्टने जोडलेला हेडर, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्या, कंपनीचाच आणि जसाच्या तसा. त्यापुढची पाइप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा ‘कॅट’), मफलर (आवाज दाबणारा डबा) हा भाग तुमचा तुम्ही ठरवा. धूर मात्र ड्रायव्हरच्या मागे, गाडीबाहेर पडला पाहिजे. नियमपुस्तकाचा मूळ बाणा लक्षात ठेवा: करा असं लिहिलं नसेल तर करता येत नाही. ‘नका करू असं तरी कुठे लिहिलंय?’ हा आपला लाडका युक्तिवाद इथे चालत नाही. हेडर आतून घासून गुळगुळीत करणं म्हणजे उघड लबाडी. कोणी प्रोटेस्ट केला आणि उघडून तपासायची अनामत भरली, तर ती उघडकीला येणारच. 2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर झालेल्या रनऑफ्समध्ये, म्हणजे एससीसीएच्या राष्ट्रीय अजिंक्यपदात, पुढच्या फळीतल्या स्पेक मियाटा सिलिंडर हेडच्या कामावरून बाद झाल्या, तेव्हा अख्खा क्लास हादरला होता. पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं, बदल दर महिन्याला एससीसीएच्या ‘फास्टट्रॅक’ पत्रकात छापून येतात. पाइप कापण्याआधी चालू आवृत्ती वाचा, माझ्यावर विसंबू नका.

आता पॉवर. चार सिलिंडरच्या धुराचे ठोके एकमेकांना ओढतात की अडवतात हे बरंचसं हेडरमधल्या नळ्यांच्या लांबीवर आणि त्या जिथे एकत्र येतात त्या जागेवर ठरतं. तोच भाग कुलूपबंद. त्याच्यामागे फक्त अडथळा कमी करणं उरतं, आणि जुनाट कॅट काढला की त्यातलं बहुतेक काम होतं. त्यापुढे सव्वादोन इंची पाइप घ्यायची की अडीच इंची, यावर पॅडॉकमध्ये (ट्रॅकवर गाड्या उभ्या करायच्या आवारात) रात्री बारापर्यंत वाद घालता येतो. घड्याळावर मला तरी फरक दिसला नाही. शिवाय वेगवेगळ्या वर्षांच्या मॉडेलना समान पातळीवर आणायला वजन आणि रिस्ट्रिक्टर प्लेट (इंजिनात जाणाऱ्या हवेची वाट अरुंद करणारी चकती) आहेतच. हो, गाडी ट्रेलरवरून न नेता रस्त्याने चालवत नेणार असाल तर कॅटला हात लावू नका. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढणं केंद्रीय कायद्यानेच बेकायदा आहे.

म्हणजे निवडायचं ते आवाज, वजन आणि दुरुस्तीची सोय पाहून. यात आवाज सगळ्यात मोठा. आपल्याकडे अख्ख्या एक्झॉस्टलाच सायलेन्सर म्हणतात आणि बुलेटवाले तो बदलतात ते गाडी आणखी फटफटावी म्हणून. मग पोलिस ते जप्त करून भर रस्त्यात रोड रोलरखाली घालतात. इथे रोलर नाही, काळा झेंडा आहे: तो दाखवला की ट्रॅक सोडून पिटमध्ये यायचं. एससीसीएची सर्वसाधारण मर्यादा ट्रॅकच्या कडेपासून 50 फुटांवर 103 डेसिबल. ती बहुतेक मफलर पाळतात. खरी अडचण लागुना सेकासारख्या ठिकाणी. आसपास वस्ती, त्यामुळे वर्षातले मोजके दिवस सोडले तर तिथे 90 डेसिबलचा हिशेब असतो. तेरा डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची शक्ती विसाव्या हिश्शावर आणायची. त्यासाठी साधा सरळ डबा पुरत नाही.

माझा पहिला नवा सायलेन्सर असाच सरळ होता. आत भोकं पाडलेली नळी, भोवती काचलोकरीचं भरण, बाहेर चकचकीत स्टेनलेस. वसंतात तो टेस्ट डेला मर्यादेत बसला. उन्हाळाभर रेस झाल्या, आतलं भरण जळून उडत गेलं, आणि शरद ऋतूत त्याच ट्रॅकवर तिसऱ्या लॅपला काळ्या झेंड्याबरोबर माझा नंबर बोर्डावर लागला. गाडीत काहीच बदललं नव्हतं, हेच मला समजेना. भरण बदलता येणारा डबा त्यामुळे थोडा महाग पडला तरी घ्यावा. झाकण बोल्टचं आहे की वेल्ड केलेलं, हे विकत घेण्याआधी बघा.

कंपनीचा मूळचा सायलेन्सर इथे सगळ्यांना हरवतो. त्याच्या आत कप्पे असतात, धूर उलटसुलट वळत जातो, जळायला फारसं काही नसतं. कॅट काढून त्याजागी सरळ नळी टाकली तरी तो बऱ्यापैकी शांत राहतो, आणि जुन्या गाडीबरोबर आलेला असल्याने फुकट. दोष एकच: जड आहे, आणि तेही मागच्या ॲक्सलच्या मागे लोंबकळणारं वजन.

हे वजन सगळ्यांना सारखं नडत नाही. क्लासचं किमान वजन ड्रायव्हरसकट मोजतात. तुम्ही किडकिडीत असाल तर डबा हलका केल्यावर तेवढीच शिशाची किंवा लोखंडाची पट्टी गाडीत टाकावी लागते. फायदा इतकाच की ती खाली, गाडीच्या मध्याजवळ बोल्ट करता येते. माझ्यासारखा भाकरी-मटणावर पोसलेला ड्रायव्हर असेल तर गाडी आधीच किमान वजनाच्या वर असते, आणि काढलेला प्रत्येक किलो खराखुरा कमी होतो. म्हणून हलक्या मित्राचा सल्ला जड माणसाने डोळे मिटून घेऊ नये.

उरले दोन पर्याय. तयार, बोल्टने बसणारा सेट: डाऊनपाइपच्या फ्लँजपासून मागपर्यंत सगळं जुळलेलं, हँगरच्या जागा बरोबर, ऑक्सिजन सेन्सरसाठी आटा पाडलेली बुशिंग आधीच वेल्ड केलेली. शनिवारी सकाळी सुरुवात करा, जेवणापर्यंत होतं. मागून कोणी ठोकलं तर तोच तुकडा पुन्हा मागवता येतो, पण येईल तेव्हा येईल.

वेल्डरकडून करून घेतलेला सेट निम्म्याच्या आसपास पैशांत होतो आणि साध्या पोलादाचा असेल तर पॅडॉकमध्ये कोणाच्याही मशीनवर पुन्हा जोडता येतो. पण वेल्डर रेसवाला हवा. माझं दुसरं काम एका मफलर शॉपने केलं. पाइप फ्लोअरच्या खाली दोन बोटं लोंबत ठेवली, आणि जोड नुसता एकात एक सरकवून क्लॅम्प मारलेला. पहिल्याच कर्बवर पाइप घासली, जोड सुटला. कॅटच्या जागेजवळच गळती. आवाज तर वाढलाच, पण गाडीत डोळे चुरचुरायला लागले आणि पिटमध्ये येऊन हेल्मेट काढल्यावर डोकं गरगरत होतं. फ्लोअरला जुनी भोकं असतील तर ती आधी बुजवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, इंजिनाच्या बाजूला, गळती झाली तर आणखी एक भानगड: ठोक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं, आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) उगाच पेट्रोल वाढवतं. त्या दिवशी शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी सोड्याचा रिकामा कॅन कात्रीने कापून जोडाभोवती गुंडाळला, दोन होज क्लॅम्प आवळले. मी हातमोजे न घालता मदतीला गेलो, त्याची खूण अजून अंगठ्यावर आहे. तो कॅन दोन सेशन टिकला.

सध्या गाडीवर आहे ते असं. पुढचा भाग तयार सेटमधला, जोड व्ही-बँडचे (गोल पट्टा एका बोल्टने आवळायचा). मागे दोन डबे, एक हलका सरळ आणि एक मोठा शांत, दोन्ही एकाच मापाच्या फ्लँजवर. लागुनाला जायच्या आदल्या रात्री चार बोल्ट काढून डबा बदलतो आणि टोकाला खाली वळलेली नळी लावतो, तोंड मोजणाऱ्या बूथच्या विरुद्ध दिशेला. डिस्क कमी-जास्त करून आवाज बदलता येणारा सुपरट्रॅप मफलर घेऊनही हेच जमतं. डिस्क कमी केल्या की आवाज कमी, वाटही अरुंद. मला दोन डबे सोपे वाटले.

पहिलाच सीझन असेल आणि कॅलेंडरवर आवाजाची कडक मर्यादा असलेला एकही ट्रॅक नसेल, तर मूळचा सायलेन्सर ठेवा, कॅट काढा आणि वाचलेले पैसे टायरवर घाला. लागुना असेल आणि तुम्ही वजनाच्या वर असाल, तर भरण बदलता येणारा तयार सेट. वेल्डर ओळखीचा आणि रेसवाला असेल तरच तिसरा रस्ता, आणि पाइप टॅक करून (ठिपक्यांनी तात्पुरती जोडून) झाली की पूर्ण वेल्ड मारायच्या आधी गाडी जमिनीवर उतरवून, आत स्वतः बसून, खालून कोणाला तरी बोटं घालून बघायला सांगा. पाहिजे तर फोनवरच्या ॲपने आवाज मोजा. आकड्यावर विश्वास नको, पण जुना डबा आणि नवा डबा एकाच जागेवरून, 50 फुटांवरून मोजला तर फरक कळतो. मी आमच्या गल्लीच्या टोकाला एकदाच मोजला. शेजारीण बाहेर आली.