मुंबईत मृत्युपत्र कोणाकडून करून घ्यावं? ऑनलाइन सेवा, वकील आणि निबंधक कार्यालय यांचा आढावा

मुंबईत मृत्युपत्र करून देणाऱ्या सेवा ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत. पहिली संकेतस्थळावर प्रश्नावली भरून मसुदा देणारी, दुसरी वकिलाची, आणि तिसरी बँकांच्या ट्रस्टी कंपन्यांची, ज्या पुढे निष्पादक (मृत्यूनंतर मृत्युपत्र अमलात आणणारा) म्हणूनही काम पाहतात. सह दुय्यम निबंधकाचं कार्यालय यात वेगळं, कारण तिथे मसुदा मिळत नाही, फक्त नोंदणी होते. या सगळ्यांना इथे एकच कसोटी लावली आहे: लिहायला घेण्याआधी समोरचा काय काय विचारतो?

कारण कायद्याला मृत्युपत्रासाठी लागतं फार थोडं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार करणाऱ्याने सही करायची. किमान दोन साक्षीदारांनी ती होताना पाहायची किंवा त्याच्या तोंडून कबुली ऐकायची, आणि त्याच्यासमोर आपापल्या सह्या करायच्या. स्टॅम्पपेपर नको, नोटरी नको, नोंदणीचीही सक्ती नाही. कोऱ्या कागदावर हाताने मराठीत लिहिलेलं मृत्युपत्रही तितकंच पक्कं. तेव्हा नुसत्या कागदासाठी पैसे मोजायचं कारण नाही.

ऑनलाइन सेवांची जमेची बाजू म्हणजे त्या स्वस्त आहेत आणि मालमत्तेची यादी करायला लावतात. खाती, विमा, म्युच्युअल फंड, पीपीएफ, लॉकर हे सगळं एका जागी आलं की अर्धं काम झालं. पण मसुदा हातात आल्यावर तो छापून शाईने सह्या कराव्याच लागतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या पहिल्या अनुसूचीत मृत्युपत्राला इलेक्ट्रॉनिक दस्तातून वगळलेलं आहे, त्यामुळे आधारवरून ई-सही केलेल्या पीडीएफला मृत्युपत्र म्हणून किंमत शून्य. ही सूचना ठळक अक्षरांत न देणाऱ्या सेवेपासून लांबच राहावं.

खरी अडचण ‘मालमत्तेचा तपशील’ या चौकटीत आहे. तिथे फ्लॅट नंबर आणि पत्ता भरला की फॉर्म पुढे सरकतो. मुंबईतल्या घराचं प्रकरण इतकं सरळ क्वचितच असतं. गिरगाव, दादर, लालबागमधली पागडीची खोली घ्या. तिथे राहणारा मालक नसतो, भाडेकरू असतो. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तेव्हाच्या मुंबई भाडे कायद्याबाबत स्पष्ट केलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्येही हा हक्क भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. म्हणजे ‘पागडीची खोली धाकट्याला’ असं लिहिलं आणि तिथे राहतोय थोरला, तर त्या ओळीचा उपयोग नाही. ‘जागा ओनरशिपची की पागडीची’ हा प्रश्न न विचारणारा फॉर्म मुंबईसाठी बनवलेलाच नाही.

पुनर्विकासाचंही तसंच. मृत्युपत्रात जुन्या इमारतीतला ४५० फुटांचा ब्लॉक लिहिला, मधल्या काळात इमारत पडून नवी उभी राहिली, आणि वर्णनातली वस्तू मृत्यूच्या वेळी अस्तित्वातच नाही. नेमकी नमूद केलेली वस्तू अशी उरली नाही की ते दान विफल झालं, असा वाद घालायला जागा मिळते. उपाय एका वाक्याचा आहे: ‘सदर सदनिका, तिच्या बदल्यात पुनर्विकासात मिळणारी सदनिका, तसेच कॉर्पस, भाडे व पार्किंगसह सर्व हक्क.’ (कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम.) अनुभवी वकील हे वाक्य न सांगता घालतो. तयार नमुन्यांत ते अपवादानेच दिसतं.

फ्लॅट नवराबायको दोघांच्या नावावर असेल तर एकाच्या मृत्युपत्राने फक्त त्याचा हिस्सा जातो. गावच्या वडिलोपार्जित जमिनीतही तसंच, आपला अविभक्त हिस्सा तेवढा देता येतो. तिथे गट क्रमांक आणि सातबाऱ्यावरची नावं हवीत, ‘गावची सगळी जमीन’ एवढ्याने भागत नाही.

नॉमिनीचा घोळ हा सेवा तपासायचा दुसरा मुद्दा. ‘सोसायटीत नॉमिनेशन केलंय, मग मृत्युपत्र कशाला?’ हे ज्येष्ठ नागरिक हमखास विचारतात, आणि यावर सेवेकडून काय उत्तर येतं ते नीट ऐकावं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेल्या कलम १५४ब-१३ नुसार वारस ठरेपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद असतो, मालक होत नाही. शेअर्स आणि म्युच्युअल फंडाबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्याचा अपवाद लक्षात ठेवावा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर ते लाभार्थी धरले जातात. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. सांगायचा मुद्दा असा की नॉमिनी आणि मृत्युपत्रातला लाभार्थी यांची नावं जुळवून देणं हा सेवेचा भाग असायला हवा. ती वेगळी राहिली की पैसे एकाकडे, हक्क दुसऱ्याकडे आणि दोघांत अबोला.

तिसरी परीक्षा: स्त्रीला स्वतंत्रपणे विचारतात का? मूल नसलेल्या हिंदू विवाहितेने मृत्युपत्र केलं नाही आणि नवराही हयात नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे तिच्या स्वकमाईचा फ्लॅट नवऱ्याच्या वारसांकडे जातो. तिचे आईवडील त्यांच्या मागे. नोकरी करणाऱ्या कितीतरी बायकांना हे माहीत नसतं, आणि ‘फॅमिली पॅकेज’ विकणारे नवऱ्याच्या मसुद्याची प्रत काढून तिच्या हातात देतात. हे पॅकेज घेऊच नये. मुस्लिम कुटुंबांसाठी तर नियमच वेगळे. तिथे वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, म्हणून धर्म न विचारणारी प्रश्नावली तिथेच नापास.

वकिलाकडे मिळतं ते हे सगळं. पण सगळे वकील मृत्युपत्रातले नसतात. फी ठरवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: उर्वरित मालमत्तेचं कलम घालणार का (यादीत राहून गेलेली एफडी कोणाला), लाभार्थी आधी गेला तर पर्यायी नाव कोणाचं, आणि निष्पादक कोण. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान, सहज सापडणारे असावेत, कारण वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं. लाभार्थ्याला साक्षीदार करू नये. पारशी आणि ख्रिस्ती कुटुंबांत त्याला मिळणारी देणगीच त्यामुळे रद्द ठरते, हिंदूंना तो नियम लागू नसला तरी संशयाला निमित्त मिळतं. करणारा वयस्क किंवा आजारी असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं. आठवडाभर जुनं प्रमाणपत्र उलटतपासणीत टिकवणं अवघड जातं. सही झाल्यावर पेनने केलेली खाडाखोड, तीवर करणाऱ्याची आणि दोन्ही साक्षीदारांची सही नसेल तर, धरली जात नाही.

नोंदणी करावी का? मुंबईत तरी करावी, असं आमचं मत. खर्च किरकोळ आहे: मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी नाममात्र, वर पानांप्रमाणे हाताळणी शुल्क. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आधी माहिती भरून जावं, मूळ ओळखपत्रं न्यावीत, दोन्ही साक्षीदारांना बरोबर घ्यावं. फोटो आणि अंगठ्याचे ठसे तिथेच होतात. अंथरुणाला खिळलेल्यासाठी निबंधकाने घरी यावं असा अर्ज करता येतो. ही माहिती बहुतेकांना दलालाकडून कळते आणि तो तिचे वेगळे पैसे घेतो. नोंदलेलं मृत्युपत्र बुक क्रमांक ३ या मृत्युपत्रांच्या वेगळ्या नोंदवहीत जातं. करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्यालाच मिळते, त्यामुळे मुलांना आधी कळेल ही भीती नको. मात्र नोंदणी म्हणजे अभेद्य कवच असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दबाव किंवा मानसिक अक्षमता सिद्ध झाली तर नोंदलेलंही पडतं.

प्रोबेटबद्दल, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याबद्दल, जुनी माहिती अजून सर्रास दिली जाते. मुंबईत मृत्युपत्रावर हक्क सांगायला हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशांना प्रोबेट सक्तीचं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार अधिनियमातलं कलम २१३ वगळून ती सक्ती काढली. वाद असेल तिथे प्रोबेट घेणं आजही शहाणपणाचं. पण ‘मुंबईत प्रोबेटशिवाय पान हलत नाही’ म्हणत त्याची फी आत्ताच जोडणाऱ्या वकिलाला ही दुरुस्ती दाखवावी. दुरुस्तीच्या आधी झालेल्या मृत्यूंचा प्रश्न स्वतंत्रपणे तपासून घ्यावा.

मोठ्या सेवा जोडीला मुखत्यारपत्र देतात. ते मृत्यूबरोबर संपतं आणि करणाऱ्याची शुद्ध कायमची हरपली तरी टिकत नाही, म्हणून ‘आजारपणासाठी’ म्हणून विकलं जात असेल तर सावध राहावं. उपचारांबाबतचं आगाऊ इच्छापत्र मात्र उपयोगाचं आहे. जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही.

ट्रस्टी कंपन्या परदेशी मुलं किंवा दिव्यांग अपत्य असेल तेव्हाच परवडतात. बाकी मध्यमवर्गीय घराला, एक सोसायटीतला फ्लॅट आणि चार खाती असतील, तर यादी ऑनलाइन आणि मसुदा वकिलाकडून हाच हिशोब बरा. मूळ प्रत फक्त स्वतःच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नये, लॉकर उघडायलाच घरच्यांची धावपळ होते. ती निष्पादकाकडे ठेवावी, आणि नोंदणीच्या पावतीवरचा दस्त क्रमांक व वर्ष घरात दोघांना तरी सांगून ठेवावं. मृत्यूचा दाखला दाखवून निबंधकाकडून नक्कल तेवढ्यावर निघते.