‘तुमच्यानंतर याचे काय?’ असे विचारत येणाऱ्यांविषयी

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या आईवडिलांना एक प्रश्न मूल चालू लागण्याच्याही आधीपासून छळत असतो, तो म्हणजे आपल्या पश्चात याचे कोण करील. या एका प्रश्नावर आमच्या भागात काही वर्षे रीतसर धंदा चालला आणि त्यात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतील कुटुंबांचे पैसे बुडाले. आमचेही बुडाले. प्रकरण पोलिसांकडे असल्यामुळे मी कोणाचे किंवा संस्थेचे नाव लिहीत नाही. परंतु पैसे कोणत्या वाटेने गेले, कोणते कागद दाखवण्यात आले आणि त्या कागदांना खरी किंमत किती होती, हे सविस्तर लिहीत आहे, कारण हीच योजना उद्या निराळ्या नावाने दुसऱ्या तालुक्यात उभी राहू शकते.

आमचा मुलगा १९९८ सालचा. त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती घेऊन तो जन्माला आला. अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, तसा त्याच्याही होता, आणि त्याची शस्त्रक्रिया मुंबईत परळला झाली. कोकण रेल्वे त्याच वर्षी पूर्ण मार्गावर धावू लागली होती. ती नसती तर तेवढ्याशा पोराला घेऊन घाटवळणांच्या रस्त्याने रात्ररात्र एसटीत बसून जाणे आम्हांला कसे जमले असते, कोण जाणे. पुढे अंगातला सैलपणा कमी व्हावा म्हणून रत्नागिरीला व्यायामोपचारासाठी नेणे, थायरॉइडची तपासणी, बोलण्याचे शिक्षण, हे सगळे माझी जिल्हा परिषदेतील नोकरी सांभाळून चालले, आणि त्यातला मोठा वाटा त्याच्या आईने उचलला. शर्टाची बटणे लावायला शिकवताना तिने माझा जुना सदरा उशीवर चढवला, त्याची बारीक बटणे काढून कोटाची मोठी बटणे शिवली, काजे रुंद केले आणि उशी त्याच्या मांडीवर दिली. स्वतःच्या अंगावरचे बटण हनुवटीखाली दिसत नाही, मांडीवरचे दिसते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मोठ्या बटणांवरून लहान बटणांवर यायला एक पावसाळा गेला. आज तो स्वतःची अंघोळ, कपडे, जेवण स्वतः करतो, गोठ्यातले शेण काढतो, आणि अनोळखी माणूस दारात आला की आधी पडवीच्या खांबामागे जाऊन उभा राहतो.

त्या काळात सल्ले देणाऱ्यांची वाण नव्हती. देवस्की करणाऱ्यांनी नारळ, कोंबडा आणि थोडी दक्षिणा एवढ्यावर आम्हांला मोकळे केले. पुढे जे सुशिक्षित लोक भेटले त्यांच्या तुलनेत ते फारच स्वस्तात पडले, असे आता म्हणावे लागते. ‘देवाचं लेकरू आहे’ म्हणणारे नातेवाईकही पुष्कळ होते. मात्र त्या लेकराला एक दिवस आपल्या घरी ठेवून घेतो, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

खरी अडचण शाळा संपल्यावर सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे तो ६ ते १८ या वयापुरता. अठरा पूर्ण झाली की विशेष शाळेची गाडी दारात येणे थांबते आणि मूल घरी बसते. १९८० च्या दशकात डाउन सिंड्रोम असलेली माणसे प्रगत देशांतही सरासरी पंचविशीपर्यंतच जगत. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्यापासून तेथील सरासरी आयुर्मान साठीच्या आसपास गेले आहे. ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु आईबापांच्या मागे मूल वीस-पंचवीस वर्षे राहणार, असा तिचा दुसरा अर्थ आहे. हा अर्थ ज्यांनी आमच्याहून आधी ओळखला, ते लोक २०२१ साली आमच्या घरी आले.

ते आकाशातून पडले नव्हते. दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिरांत टेबल मांडून दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राचे (यूडीआयडी) ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम ही मंडळी करीत. अर्ज मुळातच विनाशुल्क असतो आणि त्यांनीही एक रुपया घेतला नाही. उलट इंटरनेट नसलेल्या गावांतून आलेल्या लोकांना त्यांची मोठीच मदत झाली. त्या अर्जांच्या निमित्ताने कोणाच्या घरात कोणत्या वयाचे मूल आहे, अक्षमता किती टक्के आहे, बाप कोठे नोकरीला आहे आणि केव्हा निवृत्त होणार आहे, याची एक सुबक वही त्यांच्याकडे तयार होत गेली. मी निवृत्त झालो, उपदानाची (ग्रॅच्युइटीची) रक्कम बँकेत जमा झाली आणि पाठोपाठ त्या मंडळींचे ‘सर’ आले. त्यांना सगळे सरच म्हणत.

आल्यावर ते माझ्याशी बोलले नाहीत. पडवीत खाली बसून त्यांनी मुलाला त्याच्या घरच्या नावाने हाक मारली, खिशातून रबरी चेंडू काढला आणि मुलगा खांबामागून बाहेर येईपर्यंत वाट पाहिली. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “काका, काकू, तुम्ही आहात तोवर मी याच्यासाठी काहीच करू शकत नाही, कारण तुमच्यासारखं कोणी करणार नाही. मी तुमच्यानंतरचं विचारायला आलोय.” या व्यवहारात बळजबरी कोठेच नव्हती, घाईही नव्हती. ‘विचार करा, भावाबहिणींना विचारा, जागा बघा आणि मग ठरवा,’ असेच ते प्रत्येक वेळी सांगत. फसवणारा माणूस घाई करतो, असा समज आहे. आमच्या अनुभवात तो खोटा ठरला.

योजना अशी होती की त्यांची संस्था कातळावर मोठी जागा घेऊन ‘आजीवन निवास’ बांधणार, पालकांनी एकदाच ५ लाख रुपये भरायचे आणि त्यानंतर मुलाचे राहणे, जेवण, औषधे, देखभाल सगळे त्याच्या अखेरपर्यंत संस्थेकडे. येथे कोणीही कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब करून पाहावा. ५ लाख रुपये ७ टक्के व्याजाने ठेवले तर वर्षाला ३५ हजार, म्हणजे महिन्याला ३ हजारांच्या आतच रुपये मिळतात. तेवढ्यात एका माणसाचे दोन वेळचे जेवण कसेबसे भागेल. रात्रपाळीचा काळजीवाहक, औषधे, वीजबिल आणि इमारत कोठून येणार? हा प्रश्न त्यांना विचारला जात असे आणि मोठ्या कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी व परदेशस्थ कोकणवासीयांच्या देणग्या हे त्यावरचे ठरलेले उत्तर होते. एकरकमी पैशांत आजन्म सांभाळाचे वचन कोणी दिले, तर उरलेला खर्च कोण देणार याचा लेखी आणि तपासता येण्याजोगा पुरावा मागावा. कंपन्यांची नावे असलेले रंगीत माहितीपत्रक म्हणजे तो पुरावा नव्हे.

त्यांनी दाखवलेला एकही कागद बनावट नव्हता, हे मुद्दाम लिहितो. धर्मादाय आयुक्त कार्यालयातील नोंदणीचे प्रमाणपत्र खरे होते, पॅन खरा होता, आयकराच्या कलम ८०जी खालील मान्यता खरी होती. परंतु पहिल्या कागदाचा अर्थ अशी विश्वस्त संस्था नोंदलेली आहे एवढाच, आणि शेवटच्याचा अर्थ देणगी देणाऱ्याला करात सवलत मिळेल एवढाच. दिव्यांग व्यक्तींना ठेवून घेणारी संस्था चालवण्यासाठी २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ५० नुसार सक्षम प्राधिकाऱ्याचे वेगळे नोंदणी प्रमाणपत्र लागते, आणि ते त्यांच्याकडे नव्हते. जे कागद होते ते इतके नीटनेटके लावलेले होते की नसलेला कागद कोणता, हे फाइल चाळणाऱ्याच्या लक्षात येऊ नये.

पावतीचीही तीच गोष्ट. पैसे धनादेशाने घेतले गेले आणि दोन रंगांत छापलेली पावती मिळाली. तिच्यावर ‘कायम निधीसाठी देणगी’ असे शब्द होते. ठेव न म्हणता देणगी का म्हटले, असे मी विचारले, तेव्हा तुम्हांला करसवलत मिळावी म्हणून, असे उत्तर मिळाले, आणि ती सवलत मिळालीही. सोबत १०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेला करारनामा होता. नोटरीच्या शिक्क्याने सही त्याच माणसाची आहे एवढेच सिद्ध होते. त्या दस्ताची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली, असा त्याचा अर्थ होत नाही. ठेव परत मागता येते, देणगी परत मागता येत नाही, आणि सगळा डाव त्या एका छापील ओळीवर उभा होता.

जागेचे भूमिपूजन थाटात झाले. सड्यावर, म्हणजे त्या कातळाच्या माळावर, जांभ्या चिऱ्यांच्या थप्प्या रचल्या होत्या, मांडव होता, कोकम सरबत होते. नारळ वाढवण्यासाठी सरांनी पाहुण्यांपैकी कोणालाही न बोलावता आमच्या मुलाला पुढे घेतले. त्याने नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरून चिऱ्यावर आपटला, पाणी स्वतःच्या पायांवर उडाले म्हणून हसत सुटला, आणि मांडवातले सगळे आईबाप टाळ्या वाजवू लागले. त्यानंतरच्या आठवड्यात अनेकांनी धनादेश दिले, हे पुढे एकमेकांशी बोलताना कळले. त्या माणसाला माझ्या मुलाचा उपयोग नेमका समजला होता, याचा राग मला पैसे गेल्याच्या रागाहून जास्त आहे.

जागेची भानगड गणपतीत बाहेर आली. कोकणातल्या जमिनी कशा असतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. एका सातबाऱ्यावर पणजोबांपासूनचे वारस, त्यांतले निम्मे मुंबईत, वाटप कधीच झालेले नाही. संस्थेने एका सहहिस्सेदाराकडून, त्याच्या वाट्याला येऊ शकणाऱ्या काही गुंठ्यांचे, नोंदणी न केलेले साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, करून घेतले होते, आणि फलक मात्र सगळ्या सड्यावर लावला होता. चाकरमानी गावी आले, त्यांनी आपल्या जमिनीवर परका फलक पाहिला आणि तलाठ्याकडे धाव घेतली. सातबारा भूलेखाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. त्यावर संस्थेचे नाव कोठेही नव्हते. पुढच्या शिमग्यापर्यंत चिरे उचलले गेले आणि सरांचा फोन लागेनासा झाला.

तक्रार करताना पावतीवरचा देणगी हा शब्द आडवा आलाच. ठेव असती तर ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या १९९९ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली मालमत्ता जप्त करण्याची वाट सरळ होती. आमच्या बाजूने उपयोगी पडला तो करारनामाच, कारण मुलाला काढून घेतल्यास रक्कम परत करू, असे कलम त्यात होते, आणि जी परत करायची ती देणगी कसली, असा युक्तिवाद आमच्या वकिलांना करता आला. घटना नवी न्याय संहिता लागू होण्याच्या, म्हणजे १ जुलै २०२४ च्या आधीच्या असल्यामुळे गुन्हा जुन्या दंड संहितेच्या ४०६ (विश्वासघात) आणि ४२० (फसवणूक) या कलमांखाली नोंदला गेला. ग्राहक आयोगाकडे जायचे असेल त्यांनी २ वर्षांची मुदत ध्यानात ठेवावी. ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही.

सुदैवाने दोन कागद आमच्या हातून सुटले नाहीत. संस्थेला मुलाचा कायदेशीर पालक नेमण्यास आमची संमती, आणि त्याला पुढे मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन संस्थेच्या खात्यात वळवण्याचे पत्र, अशा दोन कोऱ्या नमुन्यांवर सह्या मागितल्या होत्या. माझ्या पत्नीने ते नमुने देवघरातल्या फडताळात ठेवले आणि विचारणा आली की ‘गुरुजींना दाखवून देते’ असे सांगत राहिली. कोणते गुरुजी, हे तिने आजवर सांगितलेले नाही. ज्यांच्या सह्या झाल्या आहेत त्यांनी हे जाणून असावे की १८ वर्षांनंतर आईबापही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत; बौद्धिक अक्षमता व तत्सम दिव्यांगत्व असलेल्यांसाठीच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते, पालकाला दरवर्षी मालमत्तेचा हिशेब द्यावा लागतो, आणि संस्थेला असा अर्ज करायचा तर ती राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेली असावी लागते. आम्ही आता या समितीकडे रीतसर अर्ज केला आहे आणि आमच्या पश्चात पालक म्हणून माझ्या पुतणीची तयारी आहे. कार्यालयात त्याचे नाव निवृत्तिवेतनाच्या कागदांत अक्षम अपत्य म्हणून लावून घेतले आहे, कारण स्वतः कमावू न शकणाऱ्या अशा अपत्याला ते हयातभर मिळू शकते. न्यासाच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचे आरोग्य विमाकवच आहे आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

गेल्या काही महिन्यांपासून बुडालेल्या पालकांना नवे फोन येऊ लागले आहेत. बोलणारा स्वतःला वसुली अधिकारी म्हणवतो, मुलाचे नाव आणि भरलेली रक्कम अचूक सांगतो, आणि मूळ पावती व करारनामा पाठवून रकमेच्या १० टक्के आगाऊ भरल्यास न्यायालयातून पैसे सोडवून देतो, असे सांगतो. ती जुनी वही कोणाच्या तरी हातात अजून आहे, असा याचा अर्थ आहे. मूळ कागद तपास अधिकाऱ्याखेरीज कोणालाही देऊ नयेत आणि दिले तर पोच घ्यावी. आगाऊ रक्कम ऑनलाइन गेलीच असेल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे, म्हणजे ती पुढच्या खात्यात थोपवली जाण्याची शक्यता राहते.