अ‍ॅड्रेस सॅनिटायझर भारीए, फक्त लीकची कटकट बंद करा

सी मधल्या छोट्या कंपायलरच्या टेस्टसाठी हे मेमरीच्या चुका पकडणारं टूल वापरतोय. बफरच्या बाहेर लिहिलं किंवा फ्री केलेली मेमरी परत वापरली की थेट फाइल नि ओळ नंबर दाखवतं, त्याला पैकीच्या पैकी. व्हॅलग्राइंड या तसल्याच दुसऱ्या टूलपेक्षा बरंच फास्ट, पण प्रोग्रॅम परत कंपाइल करावा लागतो.

डोकं फिरतं ते लीकपायी, म्हणजे घेतलेली मेमरी फ्री न करता तशीच सोडली त्यापायी. लिनक्सवर ६४ बिटला लीक तपासणी आपोआप चालू असते, प्रोग्रॅम संपताना ती मेमरी चाळते आणि काही सुटलेलं दिसलं की एक्झिट कोड शून्य (म्हणजे 'सगळं ठीक') येत नाही, म्हणजे आउटपुट अगदी बरोबर तरी टेस्ट लाल! अरे, क्षणात संपणारा प्रोग्रॅम मुद्दामच फ्री करत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम घेतेच की सगळं परत.

टेस्टच्या स्क्रिप्टमध्ये 'एसॅन ऑप्शन्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 'डिटेक्ट लीक्स' ० दिलं, झालं काम, बाकीचे चेक चालूच राहतात. (जीडीबी या डीबगरखाली तर ती तपासणी तशीही चालत नाही.) सर्व्हरसारखं दिवसेंदिवस चालणारं काही असेल तर मात्र बंद करू नका हां, तिथं सप्रेशन फाइल (कुठले लीक सोडून द्यायचे त्याची यादी) बनवून ठरावीक फंक्शनच वगळा.